गावच्या टीमचं कोच व्हायचंय? आधी फर्ग्युसनचं करिअर बघा

मालवण, वेंगुर्ल्याकडे फुटबॉल खेळणं थांबवून कोचिंगकडे वळायचं असेल तर मँचेस्टर युनायटेडचा गाजलेला माजी मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) ॲलेक्स फर्ग्युसनचा रस्ता नीट बघा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा हा स्ट्रायकर तिथल्याच रेंजर्स क्लबकडून खेळला, पण मॅनेजर म्हणून १९७४ मध्ये सुरुवात केली ती ईस्ट स्टर्लिंगशायर या छोट्या क्लबपासून, जिथे सुरुवातीला गोलकीपरच नव्हता! म्हणून तुम्हीपण मोठी टीम मिळायची वाट बघू नका, आहेत ती पोरं घ्या आणि आधी कीपर तयार करा. ओहोटीला पुळणीवर ओली घट्ट वाळू मिळते, तिथे डाइव्ह शिकवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बघायला शिका. ॲबरडीन या स्कॉटिश क्लबला असताना फर्ग्युसनने रोजचं ट्रेनिंग असिस्टंटकडे दिलं आणि स्वतः बाजूला उभा राहून बघायला लागला, कोण थकलाय कोण गप्प आहे ते तेव्हाच दिसतं, आणि त्याच ॲबरडीनने १९८३ मध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलला रेआल माद्रिदला २-१ हरवलं.

ज्युनियर पोरांना वेळ द्या. मँचेस्टर युनायटेडला फर्ग्युसन १९८६ मध्ये आला, तिथे पहिली लीग जिंकली १९९३ मध्ये, तेवढा धीर गावकऱ्यांकडून आधीच मागून घ्या. आणि एआयएफएफचा (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा) डी लायसन्स हा कोचिंगचा कोर्स कराच.