भज्यांचं तेल डिझेलमध्ये मिसळताय? या चुका टाळा

इंजिन चालू झालं की माणूस म्हणतो, जमलं! वापरलेल्या खाद्यतेलाच्या बाबतीत खरी फसगत इथेच होते. चार लिटर डिझेलमध्ये लिटरभर भज्यांचं तेल ओतलं, हँडल मारलं, इंजिन नेहमीसारखं चाललं, पाण्याची धारही तेवढीच. मग पुढच्या वेळी निम्मं तेल, त्याच्या पुढे नुसतंच तेल. या इंधनाचा त्रास पहिल्या दिवशी दिसत नाही. तो इंधन फवारणाऱ्या नोजलच्या टोकाशी, पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत आणि मोबिलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वंगणात, साठत जातो. आपल्याला कळतं तेव्हा हेड उतरवायची वेळ आलेली असते.

पुढचं सगळं विहिरीवरच्या किंवा गिरणीवरच्या जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाबद्दल आहे. कॉमन रेलच्या, म्हणजे फार जास्त दाबाने इंधन फवारणाऱ्या नव्या गाडीत हा प्रयोग करूच नका. जुन्या इंजिनाचं नोजल 200 बारच्या आसपास उघडतं, कॉमन रेलमध्ये दाब 1600 बारच्या वर जातो आणि तिथल्या इंजेक्टरला एवढीशी घाणही सोसत नाही. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाडीत पुढे काजळीचा फिल्टर आहे, तो वेगळाच. रोटरी पंपाच्या ट्रॅक्टरलाही माझ्या मते हे तेल नको. त्या पंपाला वंगण म्हणून इंधनच लागतं, आणि थंडीत घट्ट तेल आत गेलं की रोटरवर नको तेवढा ताण येतो.

कुणीतरी हमखास सांगतं की पहिलं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरच चाललं होतं. गोष्ट अर्धी खरी आहे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ओट्टो कंपनीचं एक छोटं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, पण ते काही जगातलं पहिलं डिझेल इंजिन नव्हे. आणि प्रदर्शनातलं चालणं वेगळं, चार महिने उसाला पाणी देणं वेगळं. त्यातून आपलं तेल कढईतून दहा वेळा उकळून आलेलं.

तेल पातळ दिसतं, पण पातळ नसतं

40 अंश सेल्सियसला डिझेलची दाटी 2 ते 4.5 सेंटिस्टोक (दाटी मोजायचं एकक) असते. त्याच तापमानाला खाद्यतेलाची 30 ते 40, म्हणजे जवळजवळ दहापट. दाट इंधनाचा नोजलमधून बारीक फवारा होत नाही, मोठे थेंब पडतात. मोठा थेंब पूर्ण जळत नाही, आणि जे जळत नाही ते कुठेतरी चिकटतं.

20 टक्के तेल मिसळलं तर मिश्रणाची दाटी साधारण 5 च्या घरात राहते. 50 टक्क्यांना ती 10 पर्यंत जाते. म्हणून जिथे तेल तापवायची सोय नाही तिथे 20 टक्क्यांवर जाऊ नका. नुसत्या तेलावर चालवायचं तर दोन टाक्या आणि तेल 70-80 अंशांपर्यंत तापवणारी व्यवस्था हवी. तेव्हाही ते डिझेलपेक्षा दाटच असतं. तो वेगळा खटाटोप आहे.

वापरलेलं तेल ताज्यापेक्षा दाट असतं हेही लक्षात घ्या. पुन्हा पुन्हा तापल्याने त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. काळं, फेसाळणारं, बोटांत धरून ओढलं तर तार सुटणारं तेल फुकट मिळालं तरी नको. एक सोपी परीक्षा आहे. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापा, झाकणाला बारीक भोक पाडा, बाटली पालथी धरून आधी ताजं तेल आणि मग हे तेल तेवढंच भरा आणि रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. फरक ठळक असेल तर ते तेल बाजूला ठेवा.

कुठलं तेल आहे हे न विचारणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण तेल म्हणजे तेल असं आपण धरून चालतो.

वडा, भजी, फरसाण तळायला बऱ्याच ठिकाणी पामोलिन वापरतात. ते इंजिनाच्या आत तुलनेने बरं वागतं, लवकर चिकट होत नाही. पण डिसेंबरात पहाटे पारा उतरला की ते ढगाळ होतं आणि त्यातला घट्ट भाग खाली बसतो. डालडा तर एरवीही घट्टच. सकाळी इंजिन चालू होत नाही, एअर काढली तरी दोन मिनिटांत बंद पडतं, आणि दुपारी तेच इंजिन काही न करता चालतं. असं होत असेल तर पंपाला हात लावू नका. फिल्टरच्या वाटीतलं इंधन काचेच्या बाटलीत घ्या आणि उन्हात ठेवा. अर्ध्या तासात स्वच्छ झालं तर तो गोठलेला पामोलिन होता. खाली थर तसाच राहिला तर घाण किंवा पाणी. थंडीत प्रमाण 10 टक्क्यांवर आणा किंवा सरळ डिझेल वापरा.

सोयाबीन, सूर्यफूल आणि करडई याच्या उलट. थंडीत पातळ राहतात, पण हवा आणि उष्णता लागली की सुकून चिवट पापुद्रा धरतात. जवसाचं तेल रंगात घालतात ते याच गुणामुळे, आणि करडई त्या बाबतीत जवसापासून फार लांब नाही. कढईच्या बाहेरच्या कडेला जो पिवळा, नखाने न निघणारा थर चढतो, तोच रिंगांच्या खाचेत चढतो. शेंगदाणा या दोन्हींच्या मधला.

तेव्हा हॉटेलवाल्याला तेलाचं नाव विचारा आणि डब्यावर लिहून ठेवा. दोन ठिकाणची तेलं एका बॅरलमध्ये ओतली की पुढे बिघाड कशामुळे झाला ते सांगता येत नाही.

फडक्यातून गाळलं की झालं?

नाही. फडक्यातून बेसनाचे कण अडतात, पाणी आणि त्यात विरघळलेलं मीठ अडत नाही. बटाट्यातून, कांद्यातून, ओल्या पिठातून तेलात पाणी उतरतं आणि अतिबारीक थेंबांच्या रूपात तरंगत राहतं. हे खारट पाणी पंपाच्या प्लंजरला, म्हणजे इंधन दाबणाऱ्या दांड्याला, खातं. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ती नळी (बॅरल) यांच्यातली फट काही हजारांश मिलिमीटरची असते. तिथे गंजाचा एक डाग पडला तरी ही जोडी, म्हणजे एलिमेंट, गेलं.

पाणी आहे का हे तव्यावर कळतं. तवा चांगला तापवा, चमच्याने थोडं तेल टाका. चरचरलं, बुडबुडे आले तर पाणी आहे. तेल नुसतं पसरलं तर वापरायला हरकत नाही. पाणी असेल तर तेल 60 अंशांपर्यंत कोमट करून रात्रभर स्थिर ठेवा आणि वरचं वरचं काढून घ्या. तळाचा चारएक बोटं भाग कधीच घेऊ नका, तो कितीही छान दिसला तरी. चुलीवर तेल खदखदवून पाणी काढायच्या फंदात पडू नका. खाली साठलेलं पाणी एकदम उसळतं आणि जळतं तेल अंगावर येतं. तेलाने भिजलेली फडकी ढीग करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात.

नंतर कापडी पिशवीचा 5 मायक्रॉनचा फिल्टर, जमल्यास 1 मायक्रॉनचा. साठवायला प्लास्टिकचे जाड कॅन. तांब्या-पितळेच्या संगतीत तेल लवकर खराब होतं, आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या जस्ताशी वापरलेल्या तेलातलं आम्ल साबण धरतं. जुना रबरी पाइपही तपासा, तेलाने तो फुगतो आणि मऊ पडतो.

पातळ करायला पेट्रोल नको

पेट्रोलने मिश्रण पातळ होतं हे खरं. पण ते उघड्या टाकीतून वाफाळतं, इंजिनघरात ठिणगीची वाट बघतं आणि डिझेलचा पेट घेण्याचा गुण बिघडवतं. रॉकेलचीही भेसळ नको. आणि असलं मिश्रण दुसऱ्याला डिझेल म्हणून विकणं हा गुन्हा आहे.

चालवताना

चालू साध्या डिझेलवर करा, गरम झाल्यावर मिश्रण सोडा, बंद करायच्या आधी पाचेक मिनिटं पुन्हा डिझेल. टाकीत दोन कप्पे नसतील तर निदान छोटी दुसरी टाकी आणि तीन तोंडाचा कॉक बसवा. गार इंजिनात मिश्रण घातलं की पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येतो. तो म्हणजे न जळलेलं तेल.

इंजिन लोडवर चालू द्या. रिकामं, हळू चालवलं की आतली उष्णता पुरत नाही आणि काजळी वाढते. पाण्याच्या पंपाला हे इंधन त्यातल्या त्यात मानवतं ते सतत लोड असतो म्हणून.

ताकद कमी वाटली म्हणून पंपाचा स्क्रू फिरवणारे बरेच आहेत. 20 टक्के मिश्रणात लिटरमागे मिळणारी उष्णता फार तर एक-दीड टक्क्याने घटते, ती हाताला जाणवत नाही. ताकद खरंच उतरली असेल तर आधी फिल्टर बघा, मग टाकीपासूनचा पाइप. जुन्या इंजिनात इंधन टाकीतून नुसतं स्वतःच्या वजनाने उतरतं, बारीक पाइपातून दाट तेल पुरत नाही. त्यानंतर नोजल उतरवा. टोकाभोवती काळ्या काजळीचा छोटा कर्णा उगवलेला दिसला तर नोजल टपकतंय. साफ करून टेस्टरवर फवारा बघा, आणि पुढच्या खेपेला तेल कमी करा.

मोबिलची पट्टी

सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलेलं डिझेल चेंबरच्या (इंजिनाखालच्या मोबिलच्या पेटीच्या) उष्णतेने थोडंफार उडून जातं. खाद्यतेल उडत नाही, तिथेच राहतं आणि सुकू लागतं. म्हणून मोबिल नेहमीच्या निम्म्या तासांत बदला. पट्टी रोज बघा. पातळी चढत असेल तर मोबिलमध्ये इंधन उतरतंय, इंजिन थांबवा. ब्रीदरमधून (चेंबरची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर जोरात येत असेल तर रिंगा चिकटल्या आहेत. पट्टीवरचं मोबिल बोटावर घेऊन चोळा. गुळाच्या पाकासारखी तार आली तर त्या दिवशी हँडल मारू नका. अशा वेळी नुसतं डिझेल फिरवून धुण्यावर भागवू नका. जमलेला गोळा डिझेलने विरघळत नाही, सुटून गाळणीत अडकतो आणि बेअरिंगला मोबिल पोचत नाही. चेंबर उघडा, गाळणी आणि मोबिलच्या वाटा हाताने साफ करा, मगच नवं मोबिल भरा.