झोलाची सुरुवातीची कादंबरी कशी वाचावी
फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाची 1867 मधील 'तेरेझ राकँ' वाचताना कथानकामागे धावू नये. पॅरिसमधील ज्या अरुंद बोळाच्या वर्णनाने ती सुरू होते, ते पहिले पान दोनदा वाचावे. जेमतेम तीस पावले लांब आणि दोन पावले रुंद जागा, झिजलेल्या पिवळसर फरश्यांवरची ओल, मळाने काळवंडलेले काचेचे छप्पर. जळगावच्या वैशाखात, दारे-खिडक्या लावून घेतलेल्या दुपारीही ती ओल मला अंगाला जाणवली. पुढे तेरेझचा नवरा कामीय बुडताना, त्याला बुडवणाऱ्या तिच्या प्रियकराच्या, म्हणजे लोराँच्या, मानेला चावा घेतो, त्या व्रणाचा उल्लेख जिथे जिथे येईल तिथे पेन्सिलीने खूण करावी, कारण अपराधाची वेदना झोला मनापेक्षा शरीरावर दाखवतो. स्वभाव नव्हे, तर प्रकृती अभ्यासल्याचे सांगणारी 1868 ची प्रस्तावना मात्र शेवटीच वाचावी.