निवृत्तीनंतर कादंबरी लिहायची म्हणता?

शास्त्रज्ञ बाई कादंबरी लिहितेय म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे विज्ञानकथा का?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मी आयुष्यभर मातीचं रसायनशास्त्र केलं, नोकरी जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यातच झाली आणि निवृत्तीनंतर लिहिलेल्या कादंबरीत ना यान आहे ना यंत्रमानव. दोन भाऊ, वाटणीत सामाईक राहिलेली एक विहीर आणि पाण्याच्या पाळ्या, एवढंच. त्यामुळे जे कोणी प्रयोगशाळेतून उठून कादंबरीकडे वळू पाहतायत त्यांना मी आधी हेच सांगते, की तुमचं शास्त्र हे तुमचं भांडवल नव्हे. ते शास्त्र करता करता जी माणसं भेटली, ती भांडवल.

माती परीक्षणाचंच बघा. नमुना घ्यायचा तर शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खुरप्यानं खरवडून घमेल्यात जमा करायची. सगळी एकत्र कालवून ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ शेतमालक बांधावर बसून बोलत असतो. पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, भावकीतला तंटा. पारोळ्याकडे एका कोरडवाहू कापसाच्या रानात मी असाच एकदा अहवाल समजावून सांगत होते: सामू किती, सेंद्रिय कर्ब किती, जस्त कमी आहे. म्हाताऱ्यानं कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, चार घड्या घालून टोपीत खोचला आणि म्हणाला, "कागद चांगला शे ताई, पन पानी कोठे शे?"

अहवालाच्या कुठल्याही रकान्यात न बसणारं हे वाक्य मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवलं. तुमच्याही फील्डबुकांची शेवटची पानं अशीच भरलेली असणार. निवृत्तीनंतर कपाट आवरताना घरचे पहिल्यांदा त्याच वह्या रद्दीवाल्याला काढून ठेवतात. आधी त्या ताब्यात घ्या. कादंबरीचं तंत्र सांगणारी पुस्तकं मागाहून वाचली तरी चालतात.

आता सवयींचं. बारकाईनं पाहणं, रोज टेबलाशी बसणं, लिहिलेलं पुन्हा तपासणं या आपल्या सवयी इथे सोन्यासारख्या उपयोगी पडतात. एकच सवय मारक आहे, आणि ती म्हणजे निष्कर्ष आधी सांगून टाकणं. शोधनिबंधात गोषवारा पहिल्या पानावर असतो. तीस-पस्तीस वर्षं असं लिहिलं की हाताला वळणच पडतं. पात्र दारातून आत येण्याआधीच आपण लिहून मोकळे होतो की तो लोभी आहे. आणि मग "असे आढळून आले" छापाची वाक्यं! आढळलं, पण कुणाला? चुलीपुढे बसलेल्या सुनेला की ओट्यावरच्या सासऱ्याला? हे ठरवल्याशिवाय कादंबरीत पुढे सरकता येत नाही.

त्याहून अवघड म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं पात्राला कळू न देणं. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या वाणाला, आपल्याकडे २००२ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या हंगामांत अमेरिकन बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या घटल्या, लोक खूश होते. गुलाबी बोंडअळीनं उचल खाऊन महाराष्ट्रातला कापूस २०१७ मध्ये कसा खाल्ला, हे तुम्ही-मी पाहिलंय. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं झालेलं फूल, म्हणजे डोमकळी, दिसली की आत अळी आहे हे आपण ओळखतो. पण तुमच्या कादंबरीतला शेतकरी पहिल्यांदा बीटीचं पाकीट फोडतोय, त्याला यातलं काही माहीत नाही. त्याचा आनंद खरा आहे. तो आनंद पूर्ण लिहा. पंधरा वर्षांनंतरचं शहाणपण त्याच्या तोंडी घातलंत तर माणूस मरतो आणि उरतो कृषी विस्ताराच्या घडीपत्रिकेतला, सल्ले देणारा दगडूभाऊ. माझ्या मते शास्त्रज्ञांच्या बहुतेक कादंबऱ्या इथेच फसतात. माहिती कमी पडते म्हणून नव्हे, ती आवरता येत नाही म्हणून.

खान्देशात लिहायचं तर बोलीचा प्रश्न टाळता येत नाही. अमळनेर, पारोळा, धुळे म्हणजे अहिराणी, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात लेवा गणबोली, जामनेरकडे तावडी, नंदुरबारच्या सातपुड्यात भिली आणि पावरी. शिरपूरचा माणूस फैजपूरच्या माणसासारखा बोलला की इथला वाचक पुस्तक मिटतो. मी निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवलं आणि संवाद ज्याच्या त्याच्या बोलीत. ज्या बोलीतला संवाद, ती घरात बोलणाऱ्या कुणाला तरी तो मोठ्यानं वाचायला लावायचा. जिथे त्याची जीभ अडखळते ते वाक्य बदलायचं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळेल का, ही भीती सोडा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांचं पुस्तक त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये निघालं, आणि सगळ्या महाराष्ट्राला ते कळलं. उशिरा सुरुवात केली म्हणून हळहळणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

वेळापत्रकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे लिहिण्याचा नव्हेच. दुपारी डोकं चालत नाही आणि लग्नांच्या पत्रिका येत असतात. मी पहाटे लिहिते. एरवी जळगावचं व. वा. वाचनालय आहे, आणि विषय जुन्या काळातला असेल तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. फक्त तिथल्या कागदांत रमून लिहिणं लांबवू नका. संदर्भ गोळा करत बसणं हे आपल्या शास्त्रज्ञांचं आवडतं पळून जाणं आहे.

पहिला खर्डा कुणाला दाखवायचा? जुन्या सहकाऱ्यांना नको. ते एकक तपासतात. मला एकानं फक्त एवढंच कळवलं, की त्या विहिरीतून तेवढ्या अश्वशक्तीच्या मोटरीनं इतकं पाणी निघणार नाही. (बरोबर होतं, बदललं.) घरातल्यांनाही नको, ते कौतुक करतात किंवा स्वतःला शोधतात. कादंबऱ्या भरपूर वाचणारी, तुमच्या पदाचं दडपण नसलेली व्यक्ती गाठा. पदावरून आठवलं, "डॉ." ही अक्षरं बाजूला ठेवून लिखाण पाठवून बघा. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली होती आणि तिला बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाला नाव झाकून स्वतःची परीक्षा घ्यावीशी वाटली, मग आपण कोण?

कापाकापीच्या वेळी मात्र मातीच्या ढिगासारखे चार भाग करून दोन टाकता येत नाहीत. कालवलेल्या मातीत कुठलाही भाग टाकला तरी उरलेला शेताचाच नमुना असतो. कादंबरीत एक पान उचललं की शंभर पानांपलीकडचं काहीतरी ढासळतं. म्हणून कापलेलं वेगळ्या फाइलीत जपून ठेवा.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. प्रकाशकाकडे मांडणीसाठी बऱ्याचदा जुने फॉन्ट वापरतात, त्यात रूपांतर करताना जोडाक्षरं आणि रफार मोडतात. बोलीभाषेतले शब्द तर मुद्रितशोधक "सुधारून"ही टाकतो. त्यामुळे शेवटची प्रुफं स्वतः वाचायचीच. हस्तलिखित पाठवताना सोबत दोन पानी सारांश आणि पहिली दोन-तीन प्रकरणं द्या. उत्तराला महिने लागतात, आणि कित्येकदा उत्तर येतच नाही. आधी दिवाळी अंकांसाठी एखादी कथा पाठवलीत तर नाव ओळखीचं होतं, पण ती उन्हाळ्यातच पाठवा, गणपतीत पाठवून उपयोग नसतो. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, तिची जाहिरात आली की अटी नीट वाचा.

आपल्यासारख्यांकडे निवृत्तीचे पैसे आलेले असतात हे काहींना बरोबर कळतं. छापण्यासाठी पैसे मागणारा भेटला तर खुशाल द्या, पण मग तो प्रकाशक नसून छपाईचा कंत्राटदार आहे हे समजून आणि किती प्रती, कुठला कागद, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे लिहून घेऊन. मानधन देणाऱ्याबरोबरही करार लेखीच हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. भाषांतर, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क एका ओळीत "सर्व हक्क" म्हणून देऊन टाकू नका. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं हे हक्क वारसांकडे राहतात. सातबाऱ्यावरची नोंद दहादा तपासणाऱ्या आपल्या लोकांनी कराराचा कागद न वाचता सही करावी, याचं मला नवल वाटतं.

एक सावधगिरी इथल्यासारख्या लहान गावांतली. नाव बदललं, तालुका बदलला, तरी पुस्तक आलं की कुणीतरी "हा आमच्या आबांवर लिहिलाय" म्हणून येतोच. व्यवसाय, मुलांची संख्या आणि एखादी ठळक सवय, या तिन्ही गोष्टी बदलून टाका. तरीही आले तर चहा पाजा आणि एक प्रत विकत द्या. भेट प्रतींची यादी आधीच करून ठेवा, नाहीतर पहिल्या महिन्यात निम्मी खोकी भाऊबंदकीतच रिकामी होतात. माझ्या यादीत व्याही होते, बोली तपासून देणारे होते आणि गावचं वाचनालय होतं. बाकीच्यांना मी सवलतीत देते, पण पैसे घेते.