जांभईसोबत डोळ्यांत येणारे पाणी : कारण कसे तपासावे आणि काय करावे

जांभई संपता संपता डोळ्यांत पाणी तरळले, तर त्यामागे बहुतेक वेळा कोणताही आजार नसतो. तरीही हे पाणी कोठून येते आणि एरवी कोठे जाते हे समजून घेतले, तर उगाच डोळे चोळण्याची सवय सोडणे सोपे जाते आणि खरोखर तपासणीची गरज पडली तर ती वेळेवर ओळखता येते.

अश्रू केवळ रडतानाच तयार होतात असे नाही. प्रत्येक डोळ्याच्या खोबणीत, वरच्या पापणीच्या आड आणि कानाच्या बाजूला, बदामाएवढी अश्रुग्रंथी असते. ती आणि पापण्यांमधील इतर लहान ग्रंथी मिळून दर मिनिटाला साधारण १ ते २ मायक्रोलिटर अश्रू स्रवत राहतात. डोळ्यावर एका वेळी जेमतेम ७ मायक्रोलिटर अश्रू असतात, म्हणजे एका थेंबाचा लहानसा अंश. बुबुळ ओले ठेवून उरलेले पाणी नाकाकडच्या कोपऱ्यात जमते, तेथे दोन्ही पापण्यांच्या कडेवर असलेल्या एकेका सूक्ष्म छिद्रातून आत शिरते, अश्रुकोशात पोहोचते आणि अश्रुनलिकेवाटे नाकात उतरते. रडताना नाक वाहू लागते ते याच वाटेमुळे.

हा निचरा चालू ठेवण्याचे काम पापण्यांची उघडझाप करते. पापणी मिटली की छिद्रांमागच्या बारीक नळ्या दाबल्या जाऊन त्यांतील पाणी पुढे ढकलले जाते, आणि ती उघडली की नवे पाणी आत ओढले जाते. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत उरकते. जांभई मात्र साधारण ६ सेकंद चालते आणि तिच्या ऐन भरात डोळ्यांभोवतीचे स्नायू घट्ट आवळलेले असतात. त्यामुळे अश्रुग्रंथीवर दाब येऊन तिच्यातील पाणी बाहेर पडते, तर दुसरीकडे पापण्यांच्या कडा एकमेकींवर दाबल्या गेल्याने छिद्रे बंद होतात आणि निचरा थांबतो. पाणी वाढते, पण त्याला जायला वाट नसते. माझ्या मते लोक या दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष करतात. डोळ्यांत पाणी आले म्हणजे ते जास्तच तयार झाले असणार असे गृहीत धरले जाते, परंतु अडलेला निचरा हेही तितकेच खरे कारण असू शकते.

हे स्वतःच्या डोळ्यावर पाहता येते. हात स्वच्छ धुऊन चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहावे आणि खालची पापणी बोटाने किंचित खाली व बाहेर वळवावी. पापणीच्या कडेवर, नाकाकडच्या कोपऱ्यापासून सुमारे ६ मिलिमीटरवर, एक छोटा उंचवटा आणि त्यावर टाचणीच्या टोकासारखा ठिपका दिसतो; तेच अश्रूंच्या निचऱ्याचे तोंड होय. त्यानंतर जांभई न देता डोळे पाच-सहा सेकंद घट्ट मिटून उघडावेत. एवढ्यानेही डोळे ओलावले, तर पाणी येण्यास आवळलेले स्नायू पुरेसे आहेत हे कळते. पुढची जांभई आली की डोळे शक्य तितके सैल ठेवून पाहावे आणि ओलाव्यात फरक पडतो का ते ताडावे. चारचौघांत किंवा डोळ्यांना सौंदर्यप्रसाधने लावलेली असताना हीच युक्ती उपयोगी पडते.

जांभईनंतर डोळे भरून आले तर ते चोळू नयेत. पापण्या चार-सहा वेळा हलकेच मिटून उघडल्या की थांबलेला निचरा पुन्हा सुरू होतो आणि बरेचसे पाणी आपोआप आत जाते. गालावर ओघळलेला थेंब स्वच्छ रुमालाने टिपून घ्यावा, पुसू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ही काळजी अधिक घ्यावी, कारण चोळल्याने लेन्स जागेवरून सरकते. दर वेळी डोळ्यांवर पाण्याचे हबके मारण्याची गरज मला वाटत नाही. त्याने डोळ्यावरील अश्रूंचा नैसर्गिक थरच धुऊन जातो.

डोळ्यांत औषध घालणाऱ्यांसाठी येथेच एक सूचना. बाटलीतून पडणारा एक थेंब बहुधा ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि तेवढाही डोळ्यात पूर्ण मावत नाही. थेंब घातल्यावर लगेच डोळे घट्ट आवळले किंवा जांभई दिली तर औषध गालावर येते. म्हणून डोळे सैल मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटे हलका दाब द्यावा.

काही जणांच्या डोळ्यांत जांभईने पाणी येतच नाही आणि त्यातही बिघाड असतोच असे नाही. याउलट प्रत्येक जांभईला अश्रू गालावर ओघळत असतील आणि एरवी डोळे चुरचुरत असतील, तर कोरड्या डोळ्यांची शंका घ्यावी. हे विसंगत वाटेल, पण अश्रूंचा थर अस्थिर झाला की बुबुळाची जळजळ होते आणि प्रतिक्षिप्त क्रियेने भरपूर पाणी सुटते. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, हे त्याचे एक नेहमीचे कारण. अशा वेळी दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि त्या वेळी पापण्या पूर्ण मिटतील असे जाणीवपूर्वक करावे. पंख्याचा किंवा वातानुकूलकाचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर सोसेल इतक्या कोमट, ओल्या कापडाचा शेक पाच ते दहा मिनिटे द्यावा. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील तर ते परिरक्षकविरहित (प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले) घ्यावेत. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब या कामाचे नव्हेत.

जांभयाच फार येत असतील तर आधी झोपेचा हिशेब पाहावा. काही औषधांनीही, विशेषतः नैराश्यावरील काही गोळ्यांनी, जांभया वाढतात. अशी गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

जांभई नसतानाही पाणी वाहत राहणे, विशेषतः एकाच डोळ्यातून, हे निचऱ्याची वाट अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. उतारवयात खालची पापणी सैल पडून छिद्र डोळ्यापासून दूर गेल्यानेही असे होते. तान्ह्या बाळांमध्ये अश्रुनलिकेचे खालचे तोंड उघडलेले नसते तेव्हा डोळा सतत ओला राहतो आणि चिपडे येतात. बहुतेक बाळांमध्ये ते वर्षभरात आपोआप उघडते, मात्र कोपऱ्यावरचे मालिश डॉक्टरांकडून शिकूनच करावे. नाकाकडच्या कोपऱ्यात दुखरी सूज व पू, उजेड सहन न होणे, नजर कमी होणे किंवा डोळ्याला मार लागणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

तपासणीला जाताना पाणी एका डोळ्यातून येते की दोन्ही, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते आणि कोणती औषधे चालू आहेत, हे लिहून न्यावे. पाणी कमी तयार होते का हे पाहण्यासाठी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटे ठेवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. वाट मोकळी आहे का हे पाहायचे असेल तर पापणीच्या छिद्रातून बोथट सुईने सलाइन सोडतात, आणि ते घशात उतरून खारट लागले की अश्रुनलिका उघडी आहे असे समजते.