एलईडी मास्क घेतलाय? मग या चुका टाळा

गेल्या पावसात एक जुनी गिऱ्हाईक छत्री झटकत माझ्या फोंड्याच्या पार्लरमध्ये आली आणि पिशवीतून एलईडी मास्क, म्हणजे त्वचेसाठी चेहऱ्यावर लावायचा लाल दिव्यांचा मुखवटा, काढून टेबलावर ठेवला. "बाय, हें अर्दें पेटनाच." आठ दिवसांपूर्वी ऑनलाइन मागवलेला, त्याचा नव्या रबराचा वासही अजून गेला नव्हता. लावून पाहिला तर खरंच, एकाआड एक दिवा काळा. परत पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, म्हणून तिची घाई. मी मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून मास्कच्या आतल्या बाजूसमोर धरला. स्क्रीनवर तेच काळे दिवे फिकट जांभळे उजळलेले दिसले.

चांगल्या मास्कमध्ये दोन प्रकारचे दिवे असतात. ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश आपल्याला दिसतो. ८३० किंवा ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड मात्र डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. तो त्वचेत जरा खोल जातो, म्हणून मुद्दाम दिलेला असतो. तेव्हा मास्क परत पाठवण्याआधी ही चाचणी करा. आधी टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर दाबा. त्याचा ठिपका स्क्रीनवर चमकला तर तुमचा कॅमेरा या कामाचा. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, म्हणून पुढचा घ्या. कॅमेऱ्यातही दिवा काळाच दिसला तर तो खरोखर गेलेला, मग खुशाल तक्रार करा.

जास्त वेळ लावला की जास्त फरक?

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाला हसत नाही. माझा पहिला मास्क आला तेव्हा माहितीपत्रकात दहा मिनिटं लिहिली होती. मी मालिका बघता बघता रोज चाळीस मिनिटं लावायचे. तिसऱ्या आठवड्यात गाल कोरडे, चुरचुरणारे, आणि डाव्या गालावरचा जुना वांग आधीपेक्षा गडद.

प्रकाशाचा हिशेब औषधासारखा मात्रेचा आहे. उपकरणाची ताकद मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते. तिला सेकंदांनी गुणा, हजाराने भागा, की त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला मिळालेली मात्रा ज्यूलमध्ये निघते. ३० मिलिवॉटचा मास्क दहा मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद, लावला तर १८ ज्यूल. माझ्या चाळीस मिनिटांत ते ७२ झाले होते. या उपचाराची खोड अशी की ठरावीक मात्रेपर्यंत पेशींना उत्तेजन मिळतं, त्यापलीकडे परिणाम उतरायला लागतो, कधी उलटतोही. मुळात हा शोधच सौम्य प्रकाशाचा. १९६७ मध्ये बुडापेस्टला एंड्रे मेस्टर हे डॉक्टर लेसरने कर्करोग होतो का ते उंदरांवर तपासत होते. कर्करोग झाला नाही, उलट भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. आज मानलं जातं की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक एन्झाइम हा प्रकाश शोषतं आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते.

मास्कऐवजी पॅनल, म्हणजे समोर ठेवायची दिव्यांची पाटी, वापरणाऱ्यांची गोची अंतराची. कंपनीने १५ सेंटिमीटरवर मोजलेला आकडा दिलेला असतो आणि आपण पॅनल कपाटावर ठेवून पलंगावरून अंग शेकतो. इतक्या लांबून जेमतेम उजेड पोचतो. पट्टी घेऊन एकदा अंतर मोजाच. '३०० वॉट' वगैरे आकड्यांना भुलू नका. त्वचेवर किती पोचतं ते त्यातून कळत नाही.

आठवड्यातून तीन ते पाच दिवस, सांगितलेली मिनिटं, आणि फरक बघायला आठ ते बारा आठवडे. फोटो एकाच खिडकीशी, एकाच वेळी काढा. आमच्याकडे जूनमधला काळवंडलेला उजेड आणि ऑक्टोबरचं ऊन यांत काढलेले दोन फोटो ताडून लोक "गोरी झाले" म्हणतात!

वांगाचं काय?

सगळ्यात जास्त बायका येतात त्या वांगासाठी, आणि इथेच मी हात आखडता घेते. लाल प्रकाशाचा पुरावा बारीक सुरकुत्या, त्वचेचा पोत आणि काही प्रमाणात मुरमांची सूज यांच्यासाठी बरा आहे. वांग वेगळ्या जातीचा. तो ऊन, उष्णता, हार्मोन्स आणि दिसणाऱ्या प्रकाशानेही चिडतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळे मोठी मात्रा आपल्याला लवकर भोवते. वांग असेल तर आधी त्वचारोग डॉक्टरला दाखवा. खाजगी परवडत नसेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोग विभाग आहेच.

यालाच जोडून सात रंगांचा मास्क. हिरवा, पिवळा, जांभळा हे बहुतेक शोभेचे. निळा, साधारण ४१५ नॅनोमीटरचा, मुरमांच्या जिवाणूंवर चालतो, पण सावळ्या त्वचेवर डाग गडद करू शकतो. सात रंगांचे पैसे देण्यापेक्षा लाल आणि इन्फ्रारेड नीट असलेला घ्या. आणि 'एफडीए अप्रूव्हड', म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाची मंजुरी, असं वाचून हुरळू नका. अशा घरगुती उपकरणांना बहुधा 'क्लिअर्ड' हा दर्जा असतो, म्हणजे ते बाजारात आधीपासून असलेल्या उपकरणाच्या तोडीचं आहे एवढंच कंपनीने दाखवलेलं असतं.

आजोबांच्या गुडघ्याचा दिवा

घरोघरी फिजिओथेरपीचा तो लाल बल्ब असतो, गुडघे शेकायचा. "दोन्ही लालच ना?" म्हणून एका काकींनी तो तोंडासमोर धरला. तो शेक देतो. त्याचं काम उष्णतेचं आहे, एलईडीची मात्रा त्यातून मोजता येत नाही, आणि रोज शेकल्याने चेहऱ्यावर भाजल्याचे किंवा जाळीसारखे काळपट डाग पडतात. तो गुडघ्यालाच राहू द्या.

दुसरी खास गोंयची चूक. बोटीवर असलेला दीर किंवा चुलतभाऊ मायामीहून पॅनल घेऊन येतो. प्रेमाने आणलेलं, म्हणून कोणी उलटून बघत नाही. मागे '१२० व्होल्ट' लिहिलेलं असेल आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये नुसती पिन बदलून लावलं, तर धूर निघतो. पिन बदलल्याने व्होल्टेज बदलत नाही. '१००-२४०' लिहिलेलं असेल तरच थेट लावा. यूएसबीवर चालणाऱ्या मास्कला ही भीती नाही, फक्त अडॅप्टर बीआयएसची खूण असलेला घ्या.

चेहरा धुऊन, कोरडा करून मगच मास्क. झिंक किंवा टायटॅनियमचं सनस्क्रीन चेहऱ्यावर तसंच असेल तर ते प्रकाश परतवतं. टिंटेड असेल तर आणखीच अडवतं. रेटिनॉलचं क्रीम नंतर, तेही त्वचा चुरचुरत नसेल तर. लाल प्रकाश उन्हापासून वाचवत नाही, तेव्हा दिवसा सनस्क्रीन सुटलं असं समजू नका.

औषधांची यादी डॉक्टरला आधी दाखवा. मुरमांवरचं डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबावरचं हायड्रोक्लोरोथायझाइड यांनी त्वचा प्रकाशाला हळवी होते. ल्युपस हा रोगप्रतिकारशक्तीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नकोच. डोळ्यांचंही तसंच. २०१९ मध्ये निळा-लाल प्रकाश देणारा एक बराच खपलेला मास्क कंपनीनेच बाजारातून परत घेतला. काही नेत्रविकार असलेल्यांना आणि अशी औषधं घेणाऱ्यांना इजा होऊ शकेल, ही शंका होती. पॅनलसोबत आलेला चष्मा लावा, उन्हातला गॉगल त्यासाठी नसतो.

आता त्या पहिल्या गिऱ्हाईकाचं. तिचाच मास्क दिवाळीत परत माझ्याकडे आला. या वेळी कॅमेऱ्यातही सगळे दिवे काळे. पट्ट्यावर बुरशीचे ठिपके, चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज. रोज वापरल्यावर ओल्या फडक्याने पुसायची आणि लगेच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटात ठेवायची. पावसात आपल्याकडे चामड्याच्या चपला बुरसतात, तिथे हा कसा टिकावा! पणजी-कळंगुटकडे तर खारा वारा जोडीला. जेमतेम ओलसर मऊ फडक्याने पुसून पंख्याखाली अर्धा तास ठेवायचा, मग सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात. पट्टा निघत असेल तर वेगळा धुवायचा. घामेजलेल्या चेहऱ्यावर लावायचाच नाही.

वॉरंटी कार्ड तिने जपून ठेवलं होतं. दोघींनी मिळून वाचलं, तर खाली बारीक अक्षरांत होतं की ओलाव्याने झालेला बिघाड त्यात धरलेला नाही. आता ती सोम-बुध-शुक्र पार्लरलाच येते. दहा मिनिटांचा गजर मी लावते, आणि तो वाजला की ती म्हणते, "आनी पांच मिण्टां दी गो." मी देत नाही.