टायरचा तळ सुटत होता, तो असा थांबला

मदतनिधीसाठी आम्ही चपला बनवतो: तळ जुन्या टायरचा, मध्ये कॉर्क, वर घेणाऱ्याच्या आवडीचा, बदलता येणारा कापडी पट्टा. पाण्यावर आधारित पीयू (पॉलियुरेथेन) गोंदाने चिकटवलेला तळ बोटांपाशी उकलायचा. गोंद सगळा कॉर्कला राहायचा, रबर मात्र कोरं. जास्त गोंद, रात्रभर वजन, कशानेच फरक पडेना. चांगल्या कामासाठी घेतलेली चप्पल परत आली की जीव तुटायचा.

टायरच्या रबरात मेण असतं, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. गोंद मेणावर बसतो, रबरावर नाही.

आधी रबर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. मग ६० नंबरच्या सँडपेपरने चकाकी जाईपर्यंत घासा. कडा आणि बोटांची बाजू जरा जास्तच, कारण चालताना तिथेच वाकतं. धूळ झटकून त्याच दिवशी रबराचा प्रायमर, म्हणजे गोंद नीट धरावा म्हणून आधी लावायचा द्रव, लावा (उद्यावर टाकलंत तर मेण पुन्हा वर येतं) आणि डब्यावर दिलेल्या वेळेइतका वाळू द्या. नंतर दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ थर. पांढरा गोंद पारदर्शक झाला की हीटगनने साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून लगेच जोडा, मधून कडेकडे दाबत. २४ तास वापरू नका.

तपासायला एक चिकटवलेला सांधा मुद्दाम उचकटा. कॉर्क फाटलं आणि सांधा तसाच राहिला, तर काम पक्कं.