प्रवासाची छोटी पिशवी वर्षभर तयार कशी ठेवावी

नाशिक शहरातून रेल्वे गाठायची म्हणजे आधी नाशिकरोडपर्यंतचे आठ-दहा किलोमीटर पार करावे लागतात. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरायला निघालेल्या माणसाला द्वारका चौकात रिक्षा अडकल्यावर चार्जर घरीच राहिल्याचे आठवले, तर परत फिरण्याइतका वेळ त्याच्या हाताशी नसतो. कपडे ऐनवेळी भरता येतात. विसरतात त्या सटरफटर वस्तू. त्यांच्यासाठी एक वेगळी, चेन असलेली छोटी पिशवी करावी आणि ती कपाटात कायम भरलेली ठेवावी.

या पिशवीतली कोणतीही वस्तू घरात रोजच्या वापरातली नसावी, हा नियम कटाक्षाने पाळावा. न्हाणीघरातला ब्रश किंवा टेबलाजवळचा चार्जर आयत्या वेळी उचलून टाकू, असे ठरवले की तोच नेमका राहतो. म्हणून ब्रश, कंगवा, साबणाची डबी आणि चार्जिंगची केबल यांचा दुसरा नग आणून पिशवीतच ठेवावा. पॉवर बँक पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवल्यास तिचे आयुष्य कमी होते, तेव्हा ती निम्मी भरलेली ठेवून निघण्याच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज करावी. ओझरहून विमानाने जाणार असाल, तर ती हातातल्या सामानातच न्यावी लागते. 20,000 एमएएचची नेहमीची पॉवर बँक सुमारे 74 वॉट-अवरची असते आणि 100 वॉट-अवरच्या मर्यादेत बसते.

औषधांच्या बाबतीत मी स्वतः एकदा फसलो आहे. जागा वाचावी म्हणून गोळ्या पाकिटातून काढून एका डबीत ठेवल्या होत्या. ऐन पावसाळ्यात इगतपुरीला उतरताना पिशवी भिजली, डबीत पाणी शिरले आणि तापाची गोळी कोणती, पित्ताची कोणती हे कळेनासे झाले. तेव्हापासून गोळ्या मूळ पाकिटातच, नाव आणि मुदतीची तारीख दिसेल अशा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. ओआरएसच्या दोन पुड्या सोबत असाव्यात. त्या संपल्याच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून काम भागते, मात्र चमचा चहाचा असावा आणि मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये.

टॉवेलऐवजी पंचा न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नान करून लगेच बस धरायची असेल, तर जाड टॉवेल दिवसभर ओला राहतो. पंचा पिळून खिडकीशी धरला तरी वाळतो, आणि उन्हात डोक्याला बांधता येतो. ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवी घडी करून त्यातच ठेवावी.

सुई-दोरा, चार-पाच सेफ्टी पिना, नायलॉनची दोन-तीन मीटर दोरी, छोटी बॅटरी आणि स्टीलचा चमचा एवढ्यांना फारशी जागा लागत नाही. सेफ्टी पिन विशेष उपयोगी पडते: नेफ्यातून निसटलेली नाडी तिच्या टोकाला अडकवून मिनिटभरात पुन्हा ओवता येते. ओळखपत्राची छायाप्रत आणि घरच्या दोन माणसांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, कारण मोबाइल बंद पडल्यावर सहसा कोणताच क्रमांक पाठ नसतो. थंडीत पहाटे निघणाऱ्यांनी शाल सर्वांत वर ठेवावी. नाशिकला कुडकुडायला होते आणि कसारा उतरल्यावर तीच शाल नकोशी होते.

पिशवी भरण्याची खरी वेळ निघण्याआधीची नसून परतल्या दिवसाची आहे. झाकणाच्या आतल्या बाजूस वस्तूंची यादी चिकटवावी आणि संपलेले त्याच संध्याकाळी भरून काढावे. पंचा मात्र धुऊन, पूर्ण वाळवूनच आत ठेवावा; ओलसर राहिला, तर सगळ्या पिशवीला कुबट वास येतो.